माझ्या हातचे डोळे

गणपतीला डोळे सगळ्यात शेवटी येतात. साच्यातून काढणं, घासणं, पांढरा हात देणं, अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी, असं सगळं उरकलं की मूर्ती आखणीला येते, आणि आखणी म्हणजे डोळे काढणं. पेणजवळच्या हमरापूरच्या आमच्या कारखान्यात ते काम माझं होतं. कारखाना म्हणजे काही धुराडं नव्हे, पत्र्याची एक लांब शेड. पण गणपती करणाऱ्या घरांत तिला कारखानाच म्हणतात. शेडच्या दाराशी, डाव्या हाताने उजेड येईल अशा जागी एक गोणपाट अंथरलेलं असे. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या गोणपाटावर मी बसत होते. दिवसाला किती डोळे झाले ते मी कधी मोजलं नाही. मोजलं की हात बिघडतो, असं माझे वडील म्हणायचे.

वडील पेणेतले रंगारी. लहानपणी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा मोडून वाकडा बसला होता, त्यामुळे वरच्या पापणीची रेघ ओढताना शेवटाला त्यांचा ब्रश आपोआप उचलला जाई आणि डोळ्याच्या कोपऱ्यात एक बारीक शेपटी उमटे. ती मुळात खोड होती, कला नव्हती. मी त्यांच्या हाताकडे बघून शिकले, म्हणून माझा अंगठा सरळ असूनही माझ्या रेघेला ती शेपटी आली. लोकांना ती आवडायची. तुमचा गणपती हसल्यासारखा वाटतो, म्हणायचे. मुंबई-ठाण्याची गिऱ्हाइकं आली की माझ्या मोठ्या दिरांना विचारायची, "आखणी त्या धाकट्या वहिनींचीच ना?" दीर हसून हो म्हणायचे. ते हसू मला कौतुकाचं वाटायचं. आता वाटतं, मी किती बावळट होते.

हे एवढ्यासाठी सांगते की पुढे माझं काय गेलं ते नीट कळावं. सोनं गेलं नाही, जमीन गेली नाही. ते गोणपाट गेलं आणि ते डोळे गेले. ज्यांना हे ऐकून 'त्यात काय एवढं' वाटेल, त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

माझी जाऊ माझ्यापेक्षा मोठी. मी तिला ताई म्हणायचे. ती खाडीकडच्या गावची, तिच्या माहेरी मिठागराचं काम. लग्नानंतर इतकी वर्षं तिने कारखान्यात फक्त घासणी केली. पॉलिश पेपर घेऊन दिवसभर मूर्ती गुळगुळीत करायची, नाकातोंडात पांढरी धूळ. माझ्या धाकट्याच्या वेळी मला बाळंतपणात न्हाऊ-माखू घातलं ते तिने. माझी आई मुंबईला भावाकडे, वडील गेलेले. त्यामुळे माहेर म्हणून मी तिच्याकडेच बघत होते. त्या वर्षी हंगाम सुरू झाला तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"गो, तुझी मान आखडते रोज," ती म्हणाली. "दोन-चार साधे गणपती मना दे. माझा पण हात बसू दे."

आमच्याकडे आखणी कोणी कोणाला शिकवत नाही. शिकवायची तर पोटच्या पोराला, आणि जावेला तर नाहीच नाही. आज एकत्र असलेलं घर उद्या वेगळं झालं, तर ज्याच्याकडे आखणी त्याच्याकडे गिऱ्हाईक, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण ती ताई होती. मी तिचा हात माझ्या हातात धरून शिकवलं. आधी बुबुळ, मग खालची रेघ, पापणी शेवटी. पापणी ओढताना श्वास सोडायचा नाही, आणि ब्रश टेकला की कोणी हाक मारली तरी बघायचं नाही. शेपटीसुद्धा शिकवली. माझ्या बापाचा मोडका अंगठा मी तिला देऊन टाकला, तोही हसत-हसत.

गणपती बसले, उठले. त्यानंतर एका दुपारी दिरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला ओटीवर बोलावलं. प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी येणार, येणार, म्हणून सगळ्या पंचक्रोशीत तेव्हा धाकधूक होतीच.

"ह्या धंद्यात आता राम नाय," दीर म्हणाले. "मी कारखाना बंद करतोय. शेड वखारीला द्यायची बोलणी चाललीत. आमी दोघं काय, कसं पण भागवू. तुमची लेकरं बारीक हायेत. तुमी रोह्याला जा."

रोह्याजवळ धाटावला केमिकलचे कारखाने आहेत, तिथल्या एका कंपनीत दरवर्षी आमच्याकडून गणपती जायचा. तिथे गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीवाल्याशी दिरांची ओळख होती. माझ्या नवऱ्याचं काम त्याच्याकडे आधीच सांगून ठेवलं होतं. ड्रेस मिळणार, शिफ्ट ठरलेली, पोरांना चांगली शाळा. मी नवऱ्याकडे बघितलं. तो पायाच्या अंगठ्याने शेणाच्या सारवणावर रेघा ओढत बसला होता. मला वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसलाय. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात अजून मला आठवतो आणि अजून राग येतो.

कारखाना खरंच बंद होतोय की नाही, हे बघावं असं तेव्हा माझ्या मनात आलंही नाही. आणि बघून तरी काय दिसणार होतं? गणपती गेले की शेड रिकामीच असते. साचे ताडपत्रीखाली, कॉम्प्रेसर कोपऱ्यात झाकलेला, रंगांचे डबे पालथे. बंद पडलेला कारखाना आणि विसावलेला कारखाना दिसायला एकसारखे. दुसऱ्या कुठल्या धंद्यात अशी थाप पचली नसती. निघायच्या दिवशी मी माझे ब्रश फडक्यात गुंडाळून ताईच्या हातात दिले. मला आता कशाला लागतात, म्हटलं. ताई रडली. खरंच रडली, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर आम्ही रोह्याला आलो. अष्टमी गावाच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीतून थोडी कुंडलिका नदी दिसायची. वारा फिरला की धाटावकडून एक उग्र वास यायचा. पहिले काही दिवस मुलगी नाकाला ओढणी लावून झोपायची. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "कसला वास? आमाला नाय येत." मग आम्हालाही येईनासा झाला.

नवरा मात्र रोह्यात फुलला. हमरापूरला त्याच्या हातून सोंड निसटायची, मोदक फुटायचा, आणि दीर चारचौघांत त्याला आडमुठा म्हणायचे. इथे तो कडक इस्त्रीचा ड्रेस घालून, शिट्टी खिशात टाकून, दुचाकीवर कंपनीत जायचा. गेटवर कामगारांच्या पिशव्या तपासायचा, गाड्या अडवायचा, सोडायचा. ट्रकवाले त्याला साहेब म्हणायचे. घरी येऊन ते तो चारचारदा सांगायचा आणि मीही चारचारदा ऐकायचे. त्याचं बरं झालेलं बघून मला खरंच समाधान होतं. मुलगी शाळेत रमली, धाकटा जिन्यातल्या पोरांत. न रमलेली मी एकटी. हाताला काम नव्हतं. भाकरी थापायला पीठ पसरलं की बोटाने त्यात पापणी ओढायची आणि कोणी बघायच्या आत पुसून टाकायची. कारखानाच उरला नाही तर गोणपाटाची हौस कशाला, असं स्वतःला समजवायची.

ताईला फोन करायचे. ती थोडं बोलायची, मग "दूध उतू जाईल" म्हणून ठेवायची. थंडी संपता संपता एकदा बोलताना तिच्या मागे घरघर ऐकू आली. कॉम्प्रेसरचा आवाज मी झोपेतही ओळखीन.

"कसला आवाज गो ताई?"

"वखारवाल्यानं कायतरी मशीन आणलंय," ती म्हणाली.

मी ते खरं मानलं. शिमग्याला गावी जायचं ठरवलं तर नवरा म्हणाला, रजा एकाच दिवसाची आहे, पोरांना घेऊन दगदग कशाला, मी एकटा जाऊन पाया पडून येतो. आला तेव्हा विचारलं, शेडचं काय? तर म्हणाला, सिमेंटच्या गोण्या भरल्यात, बघवत नाही. बघवत नाही म्हणताना त्याचा आवाज इतका हळवा झाला होता की मीच विषय बदलला.

मग गणपतीचे दिवस जवळ आले. आमच्या भागात गणपतीवाल्याकडे आधी आपला पाट नेऊन देतात. त्यावर बसूनच मूर्ती घरी येते. आयुष्यभर लोकांनी आमच्या दारात पाट आणून ठेवलेले मी बघितले; कोणाचा शिसवी, कोणाचा फुलं कोरलेला, कोणाचा एक पाय हलणारा. घरचा गणपती विकत आणायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी आमचा पाट पिशवीत घालून, धाकट्याला कडेवर घेऊन, रोह्याच्या बाजारात एका दुकानाशी गेले. दुकान कसलं, रिकाम्या गाळ्यात फळ्या लावून हंगामापुरतं थाटलेलं. बाहेर निळी ताडपत्री.

आत शिरले आणि समोरच्या फळीवरून माझे डोळे माझ्याकडे बघत होते.

एक नाही, सगळी फळी. हातच्या काकणाला आरसा कशाला? कोपऱ्यातली ती शेपटी माझ्या बापाच्या घराबाहेर कोणाच्या हातात नव्हती. मी एक मूर्ती उचलून उजेडात नेली. शेपटी होती, पण तिच्या आधी रेघ कणभर थबकली होती. श्वास जरा जास्त वेळ रोखला की तिथे रंग जाड होतो. मी ताईला किती वेळा सांगितलं होतं, तिथे थांबू नको, तिथे थांबू नको.

दुकानदार पुढे आला. "हमरापूरचा माल हाय तो, ताई. एक नंबर. त्यांच्या घरच्या वहिनीच आखणी करतात. डोळे बघा ना, हसतोय का नाय?"

"नवीन आहे?" मी विचारलं.

"ह्याच वर्षीचा. मोठा कारखाना हाय त्यांचा. आता अजून वाढवलाय."

मी मूर्ती होती तिथे ठेवली. दुसऱ्या फळीवर भलत्याच कारखान्याच्या लहान मूर्ती होत्या, डोळे अगदी साधे, निमूट. त्यातली एक दाखवली, पाट त्याच्या स्वाधीन केला आणि घरी आले. नवऱ्याला काही बोलले नाही. मला तेव्हा वाटत होतं की त्यालाही माझ्यासारखंच फसवलंय. उलट त्याला कसं सांगू, भावानेच असं केलं हे त्याला सोसेल का, ह्या काळजीने मला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडून, धाकट्याला घेऊन मी पेणची एसटी धरली. पेणहून मिनीडोर रिक्षाने हमरापूर. शेडच्या बाहेर ओल्या मूर्ती, आत कॉम्प्रेसर, रंगाची गन, ओळखीचा वास. शेजारी नवी शेड चढवलेली. सिमेंटची गोणी औषधाला नव्हती. दीर टेम्पो घेऊन मुंबईला गेले होते. आणि दाराशी, माझ्या गोणपाटावर, ताई बसली होती. तिच्या हातात माझा ब्रश होता आणि ती पापणी ओढत होती.

मी थांबले. इतकी चिडलेली होते की कानशिलं तापली होती, तरी थांबले. ब्रश डोळ्याला टेकलेला असताना आमच्यात कोणी बोलत नाही. घराला आग लागली तरी रेघ पूर्ण होऊ देतात. एक डोळा झाला, तिने दुसरा घेतला, कारण जोडी अर्धी टाकत नाहीत, आणि मी कडेवरचं पोर सावरत ती जोडी पुरी व्हायची वाट बघत उभी राहिले. माझं चोरलेलं काम नीट व्हावं म्हणून मी श्वास रोखून होते. शेवटी तिने ब्रश उचलला आणि वर बघितलं.

"कधी आलीस गो?"

"कारखाना बंद झालाय ना, तो बघायला आले."

ती उठली. पदराला हात पुसले. "बस. चहा टाकते."

"चहाला नाय आले, ताई. तू सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं? वेगळं व्हायचं होतं तर वेगळे झालो असतो. खोटं कशाला?"

मग तिने माझ्याकडे असं बघितलं, की रागाच्या जागी मला भीती वाटायला लागली.

"मना वाटलं, तुला एव्हाना कळलं असंल," ती म्हणाली. "भावजींनी सांगितलं नाय तुला?"

"त्यांना काय माहीत?"

"अगो, त्यांनीच तर सांगितलं. शेडवरचा हक्क सोडतो, मना नोकरी लावून दे, असं ह्यांच्याशी बोलले. आन तिला कारखाना बंद झाला असंच सांगा, म्हणाले. चालू हाय कळलं तर ती पेणची वेस ओलांडायची नाय."

धाकटा माझ्या खांद्यावर झोपला होता. त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, एवढंच मला आठवतं.

"आणि आखणी?" मी विचारलं. "ती शिकायला पण त्यांनीच सांगितलं?"

"ती ह्यांनी," ताई म्हणाली. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. "तुझ्यामागं गिऱ्हाईक जाईल म्हणून. मना काय इचारून करतात होय? पण खोटं नाय बोलत, हात बसल्यावर मना पण आवडाया लागलं. इतकी वर्षं धूळ खाल्ली मी हितं."

केसाने गळा कापतात म्हणतात, माझा ब्रशाच्या केसाने कापला, आणि ब्रशही माझाच. तिने ते फडक्यात गुंडाळून मला परत द्यायला आणले. मी घेतले नाहीत. तिला जे येतं ते आता तिचं होतं, ब्रश घेऊन मी काय परत मिळवणार होते? निघताना ती दारापर्यंत आली आणि माझ्या पोराच्या हातात एक मोदक करायचा छोटा साचा दिला. तो मी एसटीच्या खिडकीतून टाकून दिला. तेवढाच माझा बाणेदारपणा.

नवरा पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आला. दाराशी बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. मी समोर उभी राहिले.

"हमरापूरला जाऊन आले. शेड बघितली."

त्याचा हात नाडीवरच थांबला. मी मनात अजून कुठेतरी धरून होते की तो उडेल, चिडेल, दादाला शिव्या देईल, ताई खोटं बोलली ठरेल. तो म्हणाला, "कोणी सांगितलं तुला?"

बस. तेवढ्या तीन शब्दांत सगळं कळलं. दिराने केलं त्याचा राग आला होता, जावेने केलं त्याचं वाईट वाटलं होतं. पण ह्या माणसाच्या पाठीवर मी हात ठेवला होता.

"तुमी मला फसवलंत," मी म्हटलं.

"तुला खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नाय."

"मग?" तो म्हणाला, जणू काही त्याचंच म्हणणं सिद्ध झालं होतं.

मग तो बोलायला लागला. एरवी गेटवर कोण आलं, कोण गेलं एवढंच बोलणारा माणूस, त्या दिवशी थांबेना. दादाने जन्मभर हिणवलं. हातात कला नाही म्हणून पोरासोरांनी हसून घेतलं. "त्या शेडमधे मी कोण होतो? तुझा नवरा. आखणीवालीचा नवरा. गिऱ्हाईक मना इचारायचं, वहिनी कुठं हायेत? हितं लोकं मना माझ्या कामानं वळखतात. पोरं हितं शिकतात. काय वाईट झालं तुझं?"

त्याचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ते मला दिसायचं आणि मी ते पुसायलाही धडपडायचे. हंगामात माझ्या शेजारी बसवून त्याला दागिने रंगवायला शिकवायचे. पण स्वतःच्या पायाखालची वाट मोकळी करायला त्याने माझं गोणपाट विकलं. आणि विकताना मला विचारलं नाही, कारण मी नाही म्हणेन हे त्याला पक्कं माहीत होतं. चोर निदान अनोळखी घरात शिरतो. हा माझ्याच ताटात जेवत होता, आणि शेडमध्ये सिमेंट भरलंय म्हणून गहिवरून दाखवत होता.

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. डबा भरून द्यायचे, तो न्यायचा. तिसऱ्या दिवशी तो पोरांना घेऊन माझ्यासमोर बसला. चूक झाली म्हणाला. गणपती झाले की दादाशी बोलेन, कारखान्यात हंगामापुरती का होईना तुझी जागा तुला परत मिळवून देईन. आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तवर निदान एवढं करीन. ती आखणी तुझी हाय. कोणी पण इचारू दे, मी तोंडानं सांगेन."

मी विश्वास ठेवला. आता हसू येतं, पण तेव्हा मला धरायला दुसरं काही नव्हतं. दोन लेकरं, परकं गाव, आणि ज्याने बुडवलं त्याचाच हात.

हरताळकेच्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौघं गणपती आणायला गेलो. नवरा कंपनीतून थेट आला होता, ड्रेसवरच, टोपी तेवढी काखेत. दुकानात ही गर्दी. दुकानदार आम्हाला बघून कसानुसा झाला. रात्रीच्या पावसात ताडपत्री गळली होती आणि आमच्या मूर्तीच्या तोंडावरून पाणी ओघळलं होतं. उजवा डोळा पार धुऊन गेला होता. डावा ओघळून गालावर आलेला.

"दुसरी कुठली देऊ सांगा," तो म्हणाला. "पण सगळ्यांवर नावं पडलीत. आखणीवाला माणूस आता कुठून आणू?"

"ब्रश आहे?" मी म्हटलं.

त्याच्याकडे किरकोळ डागडुजीसाठी एक जुना ब्रश आणि काळा-पांढरा रंग होता. मी उरलेलं पुसून पांढरा हात दिला, पंख्यासमोर धरून वाळू दिला. मग फळीच्या कडेला टेकून उभ्याउभ्याच बुबुळ, खालची रेघ, शेवटी पापणी. मागे माणसं रेटत होती. मुलगी धाकट्याला सांगत होती, आता बोलायचं नाही. वर्ष उलटलं होतं, तरी हात हलला नाही. कोपऱ्यात ब्रश आपोआप उचलला गेला. दोन्ही डोळे झाले तेव्हा मला वडिलांची इतकी आठवण आली की मी मूर्ती घाईने पुढे केली.

दुकानदाराने ती हातात घेतली. वरच्या फळीवरची एक उरलेली हमरापूरची मूर्ती खाली काढून दोन्ही शेजारी धरल्या. बाजूची दोघंतिघंही वाकून बघायला लागली.

"वा," तो म्हणाला. "अगदी त्या वहिनींचे डोळे. शेपटीसकट. नक्कल करावी तर अशी. तुमी त्यांच्याकडं कामाला होता का?"

मी ब्रश पाण्यात घातला आणि घोळवत राहिले. उत्तर माझं नव्हतं. ते ज्याने द्यायचं कबूल केलं होतं तो माझ्या शेजारी उभा होता, दुकानदाराने काढून दिलेला आमचा पाट दोन्ही हातांत धरून. मी त्याच्याकडे बघितलं. दुकानदारानेही बघितलं. तो ड्रेसमध्ये होता, लोक होते, आणि दुकान दादाच्या मालाचं होतं. एजन्सीवाल्याची ओळखही दादाचीच.

"व्हय," नवरा म्हणाला. "होती, थोडे दिवस."

दुकानदाराने मान हलवली. "तरीच," म्हणाला, आणि मूर्ती पाटावर ठेवून वर रुमाल घातला. नवऱ्याने पाट छातीशी धरला. त्याने मोठ्याने गणपती बाप्पा म्हटलं. दुकानातले सगळे मोरया म्हणाले, मुलगी म्हणाली, धाकट्यानेही बोबडं म्हटलं. मी ब्रश धुऊन, पुसून, दुकानदाराला परत दिला. मी मोरया म्हटलं नाही.